झोप, छाती, चक्कर

सिस्टर हॉलमध्ये आल्या की आधी खुर्च्यांवर बसायच्या. एका खुर्चीवर नव्हे, सगळ्या. पहिल्या खुर्चीवर धपकन बसायचं, डावीउजवीकडे हलून बघायचं, उठायचं, मग पुढची. त्या प्लास्टिकच्या खुर्च्या मंडळाच्या होत्या, गणपतीत आणि लग्नाकार्यात वापरून खिळखिळ्या झालेल्या. एखादीचा पाय फाकला की त्या ती उलटी करून भिंतीशी ठेवायच्या, खडूने तिच्या बुडावर फुली मारायच्या आणि म्हणायच्या, "ही मेली." फरशीवर सरकू नयेत म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पायांना त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले होते. हे सगळं झालं की पिशवीतून कोरडं फडकं काढून दारापासून पहिल्या रांगेपर्यंतची फरशी स्वतः वाकून पुसायच्या. सत्तरीला टेकलेली बाई. कुणी मदतीला पुढे झालं तर म्हणायच्या, "तुम्ही पुसलेलं मला दिसत नाय."

तोवर बाहेर दहा-बारा म्हातारी माणसं ताटकळत उभी असायची. सिस्टरनी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम होता.

रोह्याला लागून आमचं वरसे. आमचं म्हणजे आता आमचं. भाताची शेतं होती तिथं बिल्डिंगी झाल्या आणि कंपनीत शिफ्ट करणारे आमच्यासारखे लोक त्यात राहायला आले. दोन-चार वर्षांत प्रत्येकाने गावाहून आपापला म्हातारा नाहीतर म्हातारी आणली. आम्ही तात्यांना आणलं. तात्या म्हणजे माझे सासरे. पेणजवळच्या गडब गावात त्यांची भातशेती, त्यानंतर वाल. सासूबाई गेल्यावर यांनी तात्यांना उचलून दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तात्या दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगीची पाण्याची टाकी बघायचे. "पायाला मातीच लागत नाय गो हितं," एवढंच म्हणायचे. दोनदा कुणाला न सांगता खाली उतरले आणि एसटीत बसून गडबला गेले. एकदा गॅस चालू ठेवला. तेव्हापासून त्यांना एकटं सोडता येत नव्हतं.

म्हणून मी त्यांना सिस्टरांच्या वर्गाला घातलं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दीड तास. शाळेत मूल घालावं तसं. त्यांना बरं वाटावं म्हणून घातलं असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं नव्हतं. पण त्या दीड तासात मी काय करायचे तेही सांगते. काहीच नाही. चहा करून तात्यांच्याच खुर्चीवर गॅलरीत बसायचे. मुलगी शाळेत, नवरा पहिल्या शिफ्टला. कुणी हाक मारणारं नसायचं. आठवडाभरात तेवढाच वेळ माझा होता.

सिस्टर राहायच्या पेणला. सकाळच्या गाडीने रोह्याला उतरून वरशापर्यंत चालत यायच्या, रिक्षा कधी केली नाही. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, पण दवाखान्यात बसलेल्या कमी; सगळी नोकरी वाड्यावस्त्या चालण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर कुणी सांगितलं नसताना हा वर्ग काढला. मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा हॉल सकाळचा रिकामा असतो. मला पाहिजे." अध्यक्षांना वाटलं, बाई योगासनं शिकवणार. त्यांनी बोर्डही तसाच रंगवून घेतला. सिस्टरनी तो बोर्ड कधी लावला नाही. "मी पडायचं कसं नाय ते शिकवते. शंभर वर्षं जगवायला नाय आले," म्हणाल्या.

त्यांना सगळ्यांच्या पायांचं वेड होतं. आत येणाऱ्याने आधी स्टुलावर बसून पाय दाखवायचा. चप्पल झिजलेली असली की ती बाहेर काढून ठेवायच्या. नखं वाढली असली की स्वतः कापायच्या. मोठमोठे लोक, एक तर निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणायचो, तेसुद्धा शरमेने मान फिरवून पाय पुढे करायचे. एकदा मी हसले. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा बाप मिठागरावर होता. खाडीकडं. त्याच्या तळव्याला एवढाल्या भेगा, त्यात मीठ. रात्री आम्ही मेण भरायचो. त्याचे पाय कधी कोणी बघितले नाय." आणि पुढच्या माणसाचा पाय मांडीवर घेतला. त्यांच्या तोंडून घरचं असं काही मी तेवढं एकदाच ऐकलं.

वर्गात शांतता त्यांना खपत नसे. टाचा उचलायला लावायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावायच्या, फुगा एकमेकांकडे टोलवायला लावायच्या, आणि सगळा वेळ ओरडायच्या, "बोला! तोंड चालू ठेवा. बोलता येतंय तोवर व्यायाम. वाक्य तुटलं की खाली बसा." कुणाला सुचलं नाही की स्वतःच विषय द्यायच्या. काल काय जेवलात, बाजारात मासळी काय आली, सुनेने काय केलं. सुनेचा विषय निघाला की हॉलचा बाजार व्हायचा. शेजारच्या बिल्डिंगीतून तक्रारी आल्या की हा व्यायाम आहे की काय आहे. गुरुजींना हे प्रकरण फार हलकं वाटायचं. ते म्हणाले, "आपण स्तोत्र म्हणू या का?" सिस्टर म्हणाल्या, "स्तोत्र पाठ असतं. दम लागला तरी म्हणता येतं. मला नवीन बोललेलं पाहिजे."

तात्या पहिले तीन आठवडे बोललेच नाहीत. सिस्टरनी त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, "वाल कधी पेरता?"

"भात कापल्यावर."

"मग?"

"मग काय. ओल असते जमिनीत."

त्या दिवशी एवढंच. पुढच्या खेपेला त्यांनी तिथूनच धरलं. "ओल असते. मग?" असं करत करत दोन महिन्यांत तात्यांनी सबंध वर्षाची शेती सांगितली. पेण तालुक्यात जन्म काढलेल्या त्या बाईला वाल कधी पेरतात हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण तात्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत बसून उद्या काय सांगायचं ते ठरवायला लागले. घरी येऊन मला बातम्या द्यायला लागले. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचे दात बसवले. मुख्य म्हणजे ते एसटीत बसून गडबला जायचे थांबले.

नदीकाठच्या वाडीवरून सोनाबाय यायची. मजुरी करणारी म्हातारी, कामावर जायच्या आधी अनवाणी यायची. पहिल्या दिवशी बिल्डिंगीतल्या दोघी बायका तिच्या शेजारच्या खुर्च्यांवरून उठल्या. सिस्टरनी त्यांना काही म्हटलं नाही. फक्त सोनाबायला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्या दोघींना बसवून म्हणाल्या, "एकमेकींचा हात धरा. तोल जातो." त्या दोघींपैकी एक पुढे कधी आली नाही. दुसरी वर्षभराने सोनाबायला गुडघ्याचं तेल आणून देत होती. ज्या आल्या नाहीत त्यांना बोलवायला सिस्टर गेल्या नाहीत.

पडल्यावर उठायचं कसं, हाही एक धडा असायचा. खाली सतरंजी. त्यावर आडवं व्हायचं, लगेच उठायची घाई करायची नाही, हातपाय हलवून बघायचे, कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर, मग खुर्ची धरून वर. पुरुषांसमोर बायका आडव्या व्हायला तयार होईनात. सिस्टरनी दोरी बांधून घरून आणलेली आपली एक जुनी साडी पडद्यासारखी लावली. पडद्याआडून बायकांचं हसणं ऐकू यायचं. तात्या म्हणायचे, "काय चाललंय कळत नाय, पण सगळ्या पडल्यात."

पण बाई मायाळू नव्हती. तिच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणून हे लपवणार नाही. कुणी रडलं तर त्या बाजूला जाऊन खुर्च्या मोजायच्या. वर्गातलं कुणी वारलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरं माणूस बसवायच्या. गुरुजींची बायको गेली तेव्हा सगळे भेटायला गेले, सिस्टर गेल्या नाहीत. पंधरा दिवसांनी गुरुजी वर्गाला आले तर म्हणाल्या, "पंधरा दिवसांत पायातली ताकद गेली असंल. आज बसूनच करा." गुरुजी दुखावले. तरी येत राहिले.

आणि ते तीन प्रश्न. दारात उभं राहून प्रत्येकाला. "झोप? छाती? चक्कर?" झोप झाली का, छातीत काही होतंय का, चक्कर येते का. तिन्हीला ठीक म्हटलं तर आत. एकातही काही कमीजास्त सांगितलं तर त्याच पावली घरी. कितीही लांबून आलेला असो. "आज नाय. घरी जा, डॉक्टरला दाखवा, मग या." गयावया केलेली चालायची नाही. आणि त्यांना ठाऊक होतं की म्हातारी माणसं लपवतात. म्हणून सोबत आलेल्यालाही विचारायच्या. मला नेहमी विचारायच्या, "सून काय म्हणते?" मी म्हणायचे, "बरे आहेत." मग तात्यांच्या पाठीवर थाप मारून आत सोडायच्या. एकदा म्हणाल्या होत्या, "म्हातारा खोटं बोलतो. सून नाय बोलत. तिलाच रात्री उठावं लागतं ना."

थंडीचे दिवस होते. वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि तात्या आठवडाभर पोपटीच्या गोष्टीवर होते. मडक्यात शेंगा भरून शेतात जाळ करून कशा भाजायच्या, ती सगळी रीत. एका दिवशी मडक्याची निवड, दुसऱ्या दिवशी मडक्यात शेंगांच्या खाली-वर घालायचा भांबुर्ड्याचा पाला. त्या दिवशी शेंगा भरायच्या होत्या.

पहाटे मी उठले तेव्हा हे शिफ्टला निघून गेले होते आणि तात्या पलंगावर बसलेले. डावा खांदा चोळत होते.

"काय होतंय?"

"काय नाय. छातीत भरल्यागत वाटतंय. गॅस असंल."

मी ओवा दिला, गरम पाणी दिलं. चेहरा मातीसारखा दिसत होता. मी म्हटलं, "आज नका जाऊ."

"नको गो. जाऊ दे." मग माझा हात धरला. कधी धरत नसत. "सिस्टरला सांगू नको. घरी धाडंल ती."

मी बोलले नाही. त्यांनी हात धरला म्हणून बोलले नाही, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खरं असं आहे की मला ते जायला हवे होते. दोन दिवस घरात पाहुणे होते, मुलीची परीक्षा होती, माझं डोकं उठलं होतं. मला तो चहा हवा होता.

दारात सिस्टरनी विचारलं, "झोप? छाती? चक्कर?"

"एकदम बेस," तात्या म्हणाले.

त्यांनी तात्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "सून काय म्हणते?"

"छान झोपले," मी म्हटलं.

चहा गाळत होते तेव्हा खालून सोनाबायची हाक आली. वाडीपासून हॉलपर्यंत चालतानाही जिचा पाय लटपटायचा ती धावत आली होती. मी पोचले तेव्हा सिस्टर फरशीवर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तात्यांची छाती दाबत होत्या. मोठ्याने आकडे मोजत होत्या. केस सुटले होते. नंतर गुरुजींनी सांगितलं ते असं. तात्या टाचा उचलत बोलत होते. शेंगांवर मीठ टाकायचं, ओवा टाकायचा, आणि मग... इथं वाक्य थांबलं. सिस्टर पाच पावलांवर होत्या. तात्या खाली यायच्या आत त्यांनी धरलं. तात्यांचं डोकं फरशीला लागलं नाही.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्या दाबत राहिल्या. गाडीतही. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. मग विचारलं, "त्रास कधीपासून होत होता?"

"पहाटेपासून," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. साडीचा पदर धुळीने भरलेला, दोन्ही मनगटं धरून उभ्या. त्यांनी ऐकलं. वर पाहिलं नाही. माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मी दोन वेगवेगळ्या चपला घालून आले होते. मग जाऊन बाकावर बसल्या. हे कंपनीतून येईपर्यंत तिथंच होत्या.

तेरावं झालं आणि बोलणी सुरू झाली. बाईने एवढी छाती दाबली की बरगड्या मोडल्या, त्यातच म्हातारा गेला. नर्स कसली, सुया टोचणारी. ह्या वयात कोणी उड्या मारायला लावतं का? बरगडी मोडली होती हे खरं. तसं होतं, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते पुढे कुणाला सांगितलं नाही.

मंडळाने मीटिंग बोलावली. त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्यांवर. सिस्टर पेणहून आल्या. अध्यक्ष बरंच गोल गोल बोलले. मग माझा नवरा उठला. घरात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी ओरडला.

"तुम्ही नर्स होता ना? सकाळी विचारलं नाय का तुम्ही त्यांना?"

"विचारलं," सिस्टर म्हणाल्या.

"मग तुम्हाला कळलं नाय?"

मी नवऱ्याच्या शेजारी बसले होते. मांडीवर हात ठेवून. सिस्टर माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. त्या बघतील आणि सगळे बघतील, मग मी सांगेन, असं मनाशी ठरवलं होतं. त्यांनी बघितलं नाही.

"नाय कळलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

एवढं ऐकल्यावर मीटिंगला काही काम उरलं नाही. हॉल बंद. सिस्टरनी पिशवी उचलली आणि दारातून वळून अध्यक्षांना म्हणाल्या, "खुर्च्या बघून वापरा. चार मेल्यात त्यातल्या."

मे महिन्यात मी पेणला गेले. घरी सांगितलं की बहिणीकडे जाते. पत्ता सोनाबायकडून घेतला होता. गणपतींच्या कारखान्यांच्या मागे एक खोली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना अजून रंग न दिलेल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, पांढरी धूळ सगळीकडे. सिस्टर पायरीवर बसून एका म्हातारीची नखं कापत होत्या. मला बघून सरकून जागा केली.

"कशाला आलीस?"

"सांगायला आले. त्या दिवशी मी खोटं..."

"ठाऊक हाय मला. दवाखान्यात ऐकलं."

"मग मीटिंगमध्ये का बोलला नाहीत?"

त्या नखं कापत राहिल्या. म्हातारी बहिरी असावी, तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"तुला वाचवायला गप्प बसले असं मनात आणू नको," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी दारात उभी राहून विचारत होते. आणि जो खरं सांगंल त्याला घरी धाडत होते. मग खरं सांगणार कोण? माणूस दोन दिवस त्या दीड तासाची वाट बघतो. छातीत दुखतंय म्हटलं की मी म्हणते, जा घरी. घरी काय हाय त्याच्या?"

मी पायरीवरची पांढरी धूळ हाताने पुसत राहिले.

"थांबवून घ्यायचं होतं. खुर्चीवर बसवायचं, व्यायाम नाय द्यायचा, नुसतं बोलायला लावायचं. तोवर कोणीतरी डॉक्टरला आणंल. एवढं साधं. जन्मभर हेच काम केलं आणि नाय सुचलं मला."

"तुमची चूक नव्हती, सिस्टर."

"माझी होती. तुझी पण होती." दुसरा पाय मांडीवर घेतला. "वाटून घेतली म्हणून कमी होत नाय."

मी रडायला लागले. त्यांनी हात थांबवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हितं आता तीनच येतात. पेणमध्ये पण समजलं सगळं. गाडीतून माणसं येतात-जातात, तशी बोलणी पण येतात. ह्या तिघींना काय बी होत असलं तरी मी आत घेते."

निघताना मी विचारलं, "मी सगळ्यांना सांगून टाकू का?"

"ते मला विचारू नको."

त्या वेळी त्यांनी मला माफ केलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं. किंवा शिव्या दिल्या असत्या तरी. त्यांनी दोन्ही केलं नाही, आणि मी परतीच्या गाडीत बसून ठरवलं की पावसाळा संपू दे. मग दिवाळी होऊ दे. मग मुलीची परीक्षा. गॅलरीत तात्यांची खुर्ची तशीच होती. त्या खुर्चीवर बसून चहा प्यायला आता मला सगळा दिवस मोकळा होता. मी बसत नव्हते.

पुढच्या वर्षी सिस्टर गेल्या. कावीळ झाली होती म्हणे, भाचीकडे होत्या. मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, नोकरीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. आणि त्याच मंडळाने त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटोला हार. अध्यक्ष म्हणाले, त्यांचं कार्य वरसे कधी विसरणार नाही. निःस्वार्थ सेवा, म्हणाले. गुरुजी बोलायला उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मग अध्यक्षांनी विचारलं, अजून कुणाला बोलायचंय?

मी उभी राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही. पाय आपोआप उभे राहिले. मी सांगितलं. तात्यांना पहाटेपासून त्रास होत होता. त्यांनी सांगू नको म्हटलं. सिस्टरनी मला विचारलं आणि मी सांगितलं, ते छान झोपले. सिस्टरना हे ठाऊक होतं आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. एवढंच. तीन-चार वाक्यं झाली. नवरा माझ्या शेजारी होता, त्याच्याकडे मी पाहिलं नाही.

अध्यक्ष माइकची वायर नीट करत राहिले. मग मागून, दाराजवळून, सोनाबायचा आवाज आला.

"मी बी खोटाच सांगायची. मना तं रोज चक्कर यायची. उपाशी यायची ना मी. सांगितला असता तं सिस्टरनी परत धाडली असती." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "रोज तिच्या तोंडावर खोटा बोलले मी."

गुरुजींनी मान वर केली नाही. पण मला दिसलं की ते हलकेच मान हलवत होते, होय म्हणत असल्यासारखे. त्यांच्या शेजारची बाईही. कोण कोण काय काय सांगून आत शिरत होतं ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. सगळे गुडघ्यांवर हात टेकून एकेक करत उठले आणि घरी गेले.

आम्ही दोघं चालत निघालो. संध्याकाळ होत आली होती. नवरा माझ्यापेक्षा चार पावलं पुढे चालत होता, आणि मला वाटलं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही. तसं झालं असतं तर मला तक्रारीला जागा नव्हती. बिल्डिंगीच्या फाटकाशी तो थांबला. वर गेला नाही. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मी शिफ्टला निघालो तेव्हा तात्या दारात आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, छातीत दुखतंय रे. मी बूट घालत होतो. बस सुटंल म्हणून घाई होती. मी म्हटलं, हिला सांगा."